एचआयव्ही-एड्स जागृतीचं पोस्टर: मजकूर, चित्र, छपाई आणि जागा

एचआयव्हीवरचं पोस्टर करायचं ठरलं की बहुतेक गट पहिल्याच बैठकीत लाल रिबन, पृथ्वीचा गोल आणि 'जाणीव हाच उपाय' अशा एखाद्या ओळीवर येऊन थांबतात. असं पोस्टर भिंतीवर लागतं, पण ते पाहून तपासणीला कुणी जात नाही. त्यात कुणाला काही करायला सांगितलेलंच नसतं. लाल रिबन १९९१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या कलाकारांच्या गटाने तयार केली ती पाठिंबा दाखवण्यासाठी, छातीवर लावायची खूण म्हणून. कंडोम कसा वापरायचा किंवा तपासणी कधी करायची, हे ती सांगू शकत नाही. ती कोपऱ्यात राहू द्या. पोस्टरचा मधला भाग कृतीसाठी मोकळा ठेवा.

आधी एक वाक्य पूर्ण करा

संगणक उघडण्याआधी कागदावर हे लिहा: 'हे पोस्टर पाहून अमुक माणसाने, अमुक ठिकाणी, अमुक गोष्ट करावी.' तिन्ही जागा नेमक्या भरल्या जाईपर्यंत पुढे जाऊ नका. 'सर्व नागरिकांनी जागरूक व्हावं' हे उत्तर चालणार नाही. 'कारखान्याजवळ खोली घेऊन राहणाऱ्या तरुण कामगारांनी गेटजवळच्या पेटीतून कंडोम न्यावेत' हे चालेल. 'गरोदर बाईने पहिल्याच भेटीत एचआयव्हीची तपासणी मागावी' हेही चालेल. दोन कृती सुचत असतील तर दोन पोस्टर करा.

माणूस नेमका ठरला की नेहमीची वाक्यंही तपासून पाहावी लागतात. 'जोडीदाराशी एकनिष्ठ राहा' हे त्यातलं एक. हे वाचून स्वतः एकनिष्ठ असलेली बाई स्वतःला सुरक्षित समजते. तिचा धोका मात्र तिच्या वागण्यावर नाही, जोडीदाराला लागण आहे की नाही यावर असतो आणि ते तपासणीशिवाय दोघांनाही कळत नाही. तिच्यासाठी 'दोघांची तपासणी एकाच दिवशी करून घ्या' हे वाक्य कितीतरी उपयोगी आहे. 'अनोळखी व्यक्तीशी संबंध टाळा' यातही तीच गफलत आहे. ओळखीचा माणूस म्हणजे लागण नसलेला माणूस, असा अर्थ त्यातून निघतो.

तथ्यं: थोडी, पण अचूक

पोस्टरवर फार मजकूर मावत नाही, म्हणून जो असेल तो बिनचूक हवा. चुका होतात त्या बहुधा पुढच्या चार जागी.

पहिली जागा लागणीच्या मार्गांची. एचआयव्ही रक्त, वीर्य, वीर्याआधी येणारा स्राव, योनीतला आणि गुदद्वारातला स्राव आणि आईचं दूध यांतून पसरतो. लाळ, घाम, अश्रू, डास, एकत्र जेवण, एकच संडास, मिठी यांतून पसरत नाही. 'शरीरातल्या द्रवांतून पसरतो' असं मोघम लिहिलं की वाचणारा त्यात थुंकी आणि घामही धरतो आणि शेजाऱ्याचा पेला वेगळा ठेवायला लागतो.

दुसरी जागा विंडो पीरियडची, म्हणजे लागण झाल्यापासून ती तपासणीत दिसेपर्यंतच्या काळाची. तो तपासणीच्या प्रकारावर ठरतो. शिरेतलं रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेली अँटिजेन-अँटिबॉडी तपासणी (विषाणूचा अंश आणि शरीराने त्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं असं दोन्ही शोधणारी) साधारण १८ ते ४५ दिवसांत लागण पकडते. फक्त अँटिबॉडी शोधणाऱ्या तपासणीला २३ ते ९० दिवस लागू शकतात. ही सगळी कोष्टकं पोस्टरवर घालू नका. 'अलीकडेच धोका झाला असेल तर पुन्हा कधी तपासायचं, ते केंद्रात विचारा' एवढी ओळ पुरते. ती गाळली मात्र, तर आठवडाभरात आलेला निगेटिव्ह निकाल लोक अंतिम मानतात.

तिसरी जागा पेपची, म्हणजे धोका घडून गेल्यावर घ्यायच्या औषधांची. ती ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. 'कंडोम फाटला? ७२ तासांत दवाखाना गाठा' हा मथळा चांगला वाटतो, पण तो वाचून 'तीन दिवस आहेत हातात' असं मनात येतं. औषध जितकं लवकर तितकं चांगलं, म्हणून 'कंडोम फाटला? आजच दवाखाना गाठा' असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि त्याखाली लहान अक्षरांत '७२ तासांनंतर या औषधाचा उपयोग होत नाही' असं द्या.

चौथी जागा सर्वांत महत्त्वाची आणि सर्वाधिक गाळली जाणारी. नियमित औषधं घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत न सापडण्याइतका कमी झाला आहे आणि तसाच राहिला आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. 'पार्टनर' या अभ्यासाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या टप्प्यात, एकाला एचआयव्ही असलेल्या ७८२ समलिंगी पुरुष जोडप्यांनी कंडोमशिवाय ठेवलेल्या सुमारे ७६ हजार संबंधांत जोडीदाराकडून झालेली एकही लागण आढळली नाही. हा संदेश जगभर 'यू = यू' (अनडिटेक्टेबल = अनट्रान्समिटेबल, म्हणजे सापडत नाही तर पसरत नाही) या खुणेने ओळखला जातो. पण नुसती खूण छापली तर ती आधीच माहीत असलेल्यांनाच कळेल. पूर्ण वाक्य लिहा. त्यासोबत दोन मर्यादाही लिहा: हे लैंगिक संबंधांपुरतं खरं आहे, सुई किंवा स्तनपानाला तसंच लागू होत नाही, आणि गरमी, परमा यांसारख्या इतर लैंगिक आजारांपासून संरक्षण हवं असेल तर कंडोम लागतोच. धोक्याआधीच घ्यायच्या प्रेपच्या गोळ्यांवर पोस्टर करत असाल तर कंडोमची ही ओळ तिथेही हवी.

मजकूर पक्का झाला की एचआयव्हीचं काम करणाऱ्या डॉक्टरकडून किंवा समुपदेशकाकडून तो तपासून घ्या आणि पोस्टरच्या तळाशी 'मजकूर तपासला' असं म्हणून महिना व वर्ष छापा. उपचार बदलतात. तारीख नसलेलं पोस्टर दहा वर्षांनीही ताजं समजून वाचलं जातं.

भीती दाखवायची का?

कवटी, साप, खंगलेला देह ही चित्रं सहज सुचतात. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियात दूरचित्रवाणीवर आलेल्या एका जाहिरातीत काळ्या झग्यातला मृत्यू बोलिंगचा चेंडू टाकून पिन्सच्या जागी उभी केलेली माणसं पाडत होता. विषय घरोघरी पोचला, पण समलिंगी पुरुषांनाच मृत्यूचे दूत समजलं जाऊ लागलं, अशी टीका त्यावर पुढे झाली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये सुरू झालेल्या 'स्टॉप एड्स' मोहिमेने स्टॉप या शब्दातल्या गोल अक्षराच्या जागी गुंडाळलेला कंडोम ठेवला. काय थांबवायचं आणि कशाने, दोन्ही एका नजरेत कळलं. लहान गटांनी गिरवावा तो हा दुसरा धडा.

यामागचं कारण संवादशास्त्राच्या अभ्यासक किम विट यांनी १९९२ मध्ये मांडलं. भीती वाढवली आणि तितकाच ठोस, जमण्यासारखा उपाय शेजारी दिला, तर माणूस धोक्यावर उपाय करतो. उपाय नसेल तर तो धोका टाळण्याऐवजी भीती टाळतो: नजर वळवतो किंवा 'हे माझ्यासाठी नाही' असं ठरवून मोकळा होतो. म्हणून धोक्याचा उल्लेख एका ओळीत आटोपून उरलेली जागा उपायाला द्या.

भीतीच्या चित्राचं दुसरं नुकसान अधिक खोल आहे. त्याच रस्त्याने एचआयव्हीसह जगणारी माणसंही जातात. कवटीच्या चित्रात त्यांना आपला चेहरा दिसतो आणि ज्याला अजून तपासायचं आहे त्याला कळतं की निकाल पॉझिटिव्ह आला तर लोक आपल्याकडे असं पाहतील. अशा पोस्टरने तपासणी लांबते. भाषेतही हे जपा: 'एड्सग्रस्त', 'बळी', 'वाहक' हे शब्द नकोत, 'एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती' म्हणा. 'एड्सची तपासणी' असं लिहू नका. तपासणी एचआयव्हीची असते आणि वेळेवर औषधं मिळाली तर एड्सची अवस्था येतही नाही.

मथळा आणि मजकूर

रस्त्यावरच्या पोस्टरकडे लोक दोन-तीन सेकंद पाहतात. तिथे मथळा सात शब्दांच्या आत आणि एकूण मजकूर तीसेक शब्दांत संपवा. रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात किंवा स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला माणूस मिनिटभर थांबतो. तिथे १०० ते १२० शब्दही वाचले जातात. एकच मजकूर दोन्हीकडे लावला तर एका ठिकाणी तो फुकट जातो.

मथळ्यात क्रियापद असू द्या. 'एचआयव्ही तपासणी: एक जबाबदारी' यात करण्यासारखं काही नाही. 'बोटातून थेंबभर रक्त द्या, निकाल आजच' यात दोन शंकांची उत्तरं आहेत: दुखेल का आणि परत यावं लागेल का. जलद तपासणीचा प्राथमिक निकाल साधारण अर्ध्या तासात मिळतो. तुमच्या केंद्रात खरोखर तसा मिळतो का, हे विचारूनच मथळा ठरवा. प्राथमिक निकाल पॉझिटिव्ह आला तर खात्रीसाठी आणखी तपासणी होते, ही ओळ खाली घाला.

नकारार्थी वाक्यं जपून वापरा. 'डास चावल्याने एचआयव्ही होत नाही' या ओळीशेजारी फुली मारलेला मोठा डास काढला, तर लांबून पाहणाऱ्याला तो 'डासांपासून सावध राहा' असा वाटतो आणि डास व एचआयव्ही ही जोडी डोक्यात पक्की बसते. जे सुरक्षित आहे ते करतानाच दाखवा: एका ताटात जेवणारे मित्र, पाळण्याशी बसलेली मावशी. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रॅन फ्युरी या गटाने बसच्या अंगावर लावलेल्या पोस्टरमध्ये चुंबन घेणारी तीन जोडपी दाखवली होती, शब्द होते 'चुंबनाने मरण येत नाही'. वाक्य नकारार्थी असूनही चित्र निर्धोक गोष्टच घडताना दाखवत होतं, म्हणून गोंधळ झाला नाही.

कंडोमची चित्रमालिका

'कंडोम वापरा' हे सांगणारी पोस्टर पुष्कळ आहेत, तो कसा वापरायचा हे नीट दाखवणारी कमी. कंडोम फाटतो किंवा निसटतो तो बहुतेकदा वापरातल्या चुकीने, म्हणून या मालिकेवर सर्वाधिक वेळ घालवा. सात चौकटी पुरतात:

१. पाकिटावरची मुदत पाहा. पाकीट बोटांनी दाबा. आत हवेची उशी लागली तर ते शाबूत आहे.
२. कंडोम आतल्या आत एका बाजूला सरकवा आणि खाच असलेल्या कडेने पाकीट हाताने फाडा. दात, कात्री, ब्लेड वापरू नका.
३. टोक चिमटीत धरून त्यातली हवा काढा. गुंडाळीची कडा बाहेरच्या अंगाला हवी.
४. शिश्न ताठ झाल्यावर आणि जोडीदाराच्या शरीराला त्याचा स्पर्श होण्याआधी कंडोम लावा. टोक चिमटीतच असू द्या.
५. मुळापर्यंत उलगडा.
६. वीर्यपातानंतर ताठरपणा जाण्याआधी, मुळाशी कडा धरून बाहेर काढा.
७. गाठ मारा, कागदात गुंडाळा, कचऱ्यात टाका. संडासात टाकू नका.

तिसऱ्या चौकटीपाशी गोंधळ ठरलेला. उलटा लावलेला कंडोम उलगडत नाही आणि मग तोच फिरवून लावला जातो. तोपर्यंत त्याच्या बाहेरच्या बाजूला स्राव लागलेला असू शकतो. तिथेच छोटी ओळ टाका: 'उलटा लागला तर टाकून द्या, नवा घ्या.' चित्रात बरोबर आणि चूक अशी दोन्ही टोकं आडव्या छेदात दाखवली तर फरक कळतो. समोरून दोन्ही सारखीच दिसतात.

चौकटींखाली एका पट्टीत तीन सूचना हव्यात. लॅटेक्सच्या कंडोमसोबत तेल, व्हॅसलीन, क्रीम वापरू नका. त्याने लॅटेक्स कमकुवत होऊन फाटतं. वंगण हवं असेल तर पाण्यावर किंवा सिलिकोनवर आधारलेलं घ्या, गुदमैथुनात तर ते आवश्यकच समजा. दोन कंडोम एकावर एक घालू नका आणि स्त्रियांच्या कंडोमसोबत पुरुषांचा वापरू नका.

लाजेपोटी केळं किंवा अंगठा दाखवणं टाळा. समोर दिसतं ते शब्दशः घेणारे वाचक असतात आणि त्यांची त्यात काहीच चूक नाही. स्वच्छ, सावली नसलेल्या रेषांत काढलेलं शिश्न अश्लील वाटत नाही, शरीरशास्त्राच्या आकृतीसारखं दिसतं. जिथे असं चित्र लावायला परवानगी मिळणार नाही, तिथे मालिका अर्धवट झाकून लावू नका. पोस्टरवर फक्त 'कंडोमच्या पेटीत वापराचं चित्रपत्रक आहे' असं लिहा आणि पूर्ण मालिका त्या पत्रकावर द्या.

चौकटींना ठळक अंक हवेत, कारण चित्रं कोणत्या क्रमाने पाहायची हे सर्वांना आपोआप कळत नाही. धडाशिवाय तरंगणारा हात कुणाचा आहे हेही उमगत नाही. मनगटाच्या वर थोडा हात दाखवा.

छायाचित्र वापरायचं असेल तर लक्षात ठेवा, एचआयव्हीच्या पोस्टरवरचा चेहरा हा लागण झालेल्या माणसाचाच समजला जातो. त्या व्यक्तीची लेखी संमती घ्या. विषय कोणता, पोस्टर कुठे लागेल, किती काळ राहील आणि समाजमाध्यमांवर जाईल का, हे त्यात स्पष्ट लिहा. साठ्यातून विकत घेतलेल्या छायाचित्रांच्या अटींत आरोग्यासारख्या नाजूक विषयांवर अनेकदा बंधनं असतात. त्या वाचा आणि 'छायाचित्रातील व्यक्ती मॉडेल आहे' ही ओळ छापा.

अक्षर आणि रंग

अंदाजासाठी साधं प्रमाण: तीन मीटरवरून आरामात वाचायला २५ मिलिमीटर उंचीचं अक्षर, एका मीटरवरून ८ मिलिमीटर. देवनागरीत ही उंची शिरोरेखेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजा, वेलांटी आणि उकार धरू नका. ओळींमधलं अंतर अक्षराच्या मापाच्या सुमारे दीडपट ठेवा, नाहीतर वरचे उकार खालच्या मात्रांवर आदळतात. दोन अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते. शिरोरेखा नसलेले शोभेचे फॉन्ट आरोग्याच्या मजकुराला नकोत. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांतला फरक शिरोरेखेतल्या फटीवरच ओळखला जातो.

काळ्यावर लाल अक्षरं लांबून बुडतात. बरोबर-चूक दाखवायला फक्त हिरवा आणि लाल यांवर विसंबू नका, कारण अनेक पुरुषांना या दोन रंगांतला फरक नीट दिसत नाही. आकारही वेगळा ठेवा. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या भिंतींवर लागलेल्या 'मौन = मृत्यू' या पोस्टरमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर एक गुलाबी त्रिकोण आणि खाली पांढरा मजकूर, इतकंच होतं. ते आजही रस्त्याच्या पलीकडून ओळखू येतं.

लोकांपुढे चाचणी

ही पायरी गाळून छापलेल्या पोस्टरच्या चुका छपाईनंतरच कळतात. साधी रंगीत प्रत काढा आणि ज्यांच्यासाठी पोस्टर आहे त्यांतल्या दहा-पंधरा जणांना एकेकटं दाखवा. या विषयावर गटात माणसं एकमेकांकडे बघून उत्तरं देतात. त्यात कमी वाचता येणारे आणि एचआयव्हीसह जगणारे लोक हवेतच.

पाच सेकंद दाखवा, पालथं घाला आणि विचारा: काय दिसलं? हे कुणासाठी आहे? मग पुन्हा दाखवून पुढचं विचारा: यात काय करायला सांगितलंय? ते तुम्ही कुठे जाऊन कराल? काही खटकलं का? 'आवडलं का?' हे विचारू नका, समोरचा मान राखून हो म्हणतो. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. तिघांनी एकच चूक केली तर दोष पोस्टरचा समजा, बदला आणि नव्या माणसांना दाखवा. पुष्कळदा मथळ्यासाठी तुमच्या वाक्याहून सोपं वाक्य याच उत्तरांत सापडतं.

छपाई

ए३ आकाराला ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल लागतात. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना निघून जाणारी जादा कडा) ठेवा आणि महत्त्वाचा मजकूर कडेपासून किमान १० मिलिमीटर आत घ्या. लहान मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंगांत फोडला तर कडा धूसर येतात. १३० ते १७० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) वजनाचा कागद आतल्या भिंतींना पुरतो.

मराठीची खरी अडचण फाइल दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर येते: ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते, रफार सुटतो, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. अडोबीच्या प्रणालीत वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरी जोडाक्षरं नीट मांडणारी सोय) निवडा, शेवटी अक्षरांचे आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करा आणि त्या पीडीएफचीच प्रूफप्रत मागवा. प्रूफमध्ये हेल्पलाइनचा क्रमांक नुसता वाचू नका, फोन लावून बघा.

कुठे लावायचं

पोस्टरचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर येऊ द्या. जागा निवडताना एक प्रश्न विचारा: इथे उभं राहून हे वाचताना माणसाला कुणी पाहील का? दवाखान्याच्या दाराशी एचआयव्हीचं पोस्टर वाचत थांबायला धाडस लागतं. क्यूआर कोडचंही तेच. चारचौघांत फोन उगारून तो कोणी स्कॅन करत नाही. स्वच्छतागृहाच्या बंद दाराआड तोच कोड चालतो. हातभर अंतरावरून तो पटकन स्कॅन व्हावा म्हणून सहा-सात सेंटिमीटरचा ठेवा. बाहेरच्या जागी तळाशी फाडून न्यायच्या पट्ट्या बऱ्या. पट्टीवर फक्त फोन क्रमांक आणि वेळ छापा, एचआयव्ही हा शब्द नको, म्हणजे ती खिशात सापडली तरी प्रश्न उठत नाहीत. एक-दोन पट्ट्या स्वतःच फाडून मग पोस्टर लावा. पहिली पट्टी फाडायला सगळेच कचरतात.

उन्हात किरमिजी आणि पिवळी शाई आधी उडते, निळी आणि काळी टिकते. त्यामुळे लाल रंगात छापलेला फोन क्रमांक सर्वांत आधी नाहीसा होतो. क्रमांक काळ्यात छापा. ट्यूबलाइटखाली चकचकीत लॅमिनेशनवर झळाळी येते, तिथे मॅट घ्या.

लावण्याच्या दिवशीच केंद्राची वेळ, तिथला फोन आणि पेटीतले कंडोम तपासा. पोस्टर वाचून आलेल्या माणसाला रिकामी पेटी मिळाली तर तो पुन्हा येत नाही. पेटी कोण आणि कोणत्या वारी भरणार, त्याचं नाव आधी ठरवा.

उपयोग झाला का, हे कसं कळेल

पोस्टर लावण्याआधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे तीन आकडे लिहा: केंद्रात आलेले फोन, झालेल्या तपासण्या, पेटीतून गेलेले कंडोम. प्रत्येक जागेच्या पोस्टरवर तळाशी छोटं अक्षर छापा आणि फोन करणाऱ्याला 'कोणत्या अक्षराचं पोस्टर पाहिलंत?' एवढंच विचारा. नाव-गाव विचारू नका. पट्ट्या दर आठवड्याला मोजा. महिनाभर एकही पट्टी गेली नाही तर आधी जागा बदला, मजकुराला हात नंतर लावा.

तीनेक महिन्यांनी तेच पोस्टर डोळ्यांना दिसेनासं होतं, तेव्हा चित्र बदला आणि क्रमांक तसाच ठेवा. काढलेल्या पोस्टरच्या दोन स्वच्छ प्रती सपाट, उन्हापासून दूर ठेवा आणि मागे मऊ पेन्सिलीने वर्ष, जागा, छापलेल्या प्रती आणि चाचणीत बदललेल्या गोष्टी लिहा. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात शंभराहून अधिक देशांची आठ हजारांवर एड्स पोस्टर जपलेली आहेत आणि ती संकेतस्थळावर पाहता येतात. पुढचं पोस्टर आखताना तुमच्या जुन्या प्रतींसोबत तीही चाळा.